आधी लिंबं चिर

दर महिन्याला चार-पाच पोरं तरी बारटेंडर व्हायचंय म्हणून येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, बाटली फिरवायला कधी शिकवणार?" मी उत्तर न देता त्यांच्यापुढे लिंबांची पाटी सरकवतो. शंभर लिंबं, एक पाट, एक सुरी. निम्म्यांच्या फाका करायच्या, निम्म्यांचा रस काढून गाळून ठेवायचा, बी एकही राहता कामा नये. शेवटी पाट धुऊन, पुसून, भिंतीला टेकवून उभा करायचा. तिसाव्या लिंबाच्या आसपास पोराचा चेहरा बदलायला लागतो. काही जण दुसऱ्या दिवशी येत नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही. फी भरायच्या आधी कळलं, हे त्यांच्या दृष्टीनं बरंच झालं.

पुणे, मग काही वर्षं जहाजावर, मग गोवा असं करत काउंटरच्या आतल्या बाजूला माझं निम्मं आयुष्य गेलं. या कामाबद्दल बाहेर जे समज आहेत, ते नवख्या पोरांना आणि त्यांच्या आईवडलांना सारखेच महागात पडतात. पोरं भलत्या आशेनं येतात आणि आईबाप भलत्या भीतीनं अडवतात.

बाटल्या फिरवण्याचं खूळ आलं ते सिनेमातून. १९८८ साली टॉम क्रूझचा ‘कॉकटेल’ आला आणि जगभरच्या पोरांना वाटलं की बारटेंडर म्हणजे हवेत बाटली फेकून पाठीमागे झेलणारा माणूस. त्याला फ्लेअर म्हणतात, त्याच्या स्पर्धाही होतात, आणि लग्नसमारंभांत त्याला मागणी आहे हेही खरं. पण शनिवारी रात्री साडेदहाला बारा टेबलांच्या ऑर्डरी एकदम येऊन पडतात तेव्हा बाटली फिरवणाऱ्याकडे वेटरांचा कॅप्टन ज्या नजरेनं बघतो, ती नजर एकदा झेलली की पुन्हा फिरवावीशी वाटत नाही. फ्लेअर शिका, पण सर्वांत शेवटी.

मग खरं काम कसलं असतं? संध्याकाळी सातला बार उघडत असेल तर तुम्ही चारला आत असता. लिंबं झाली की साखरेचा पाक. साखर आणि पाणी समसमान, उकळत बसायचं नाही, साखर विरघळली की उतरवायचं. पुदिना निवडून ओल्या फडक्यात. उघडलेल्या बाटल्यांवर तारखेची चिठ्ठी. व्हरमूथ ही वाइनच असते, त्यामुळे उघडल्यावर तिची जागा फ्रिजमध्ये. कपाटात व्हिस्कीशेजारी महिनाभर उभी केलेली व्हरमूथ मार्टिनीत घातली की मार्टिनीला जुन्या फडताळाचा वास येतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की जिनच वाईट होती. मग ग्लास. गरम पाण्याच्या वाफेवर धरून, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे. दोनशे ग्लास पुसले की मनगट बोलायला लागतं.

बर्फाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथंच नवखा आणि जाणता वेगळे दिसतात. लोकांना वाटतं बर्फ थंड करायला असतो. शेकरमध्ये हलवलेल्या पेयात शेवटी साधारण पाव भाग पाणी असतं, आणि ते बर्फाचंच. म्हणजे बर्फ हा मालमसाल्यातला एक जिन्नस आहे. अर्धवट वितळलेला, ओला बर्फ घातला की पेय पाणचट होतं. कोरडा, टणक बर्फ घातला की नेमकं उतरतं. लिंबाचा रस, दूध, अंड्याचा पांढरा असं काही असेल तर जोरानं हलवायचं, दहा-बारा सेकंद, म्हणजे हवा भरते. नुसत्या दारवाच असतील, नेग्रोनीसारख्या, तर लांब चमच्यानं ढवळायचं, म्हणजे पेय नितळ राहतं. हे एवढं कळलं तर पन्नास पाककृती पाठ करायची गरज उरत नाही.

आणि बर्फाच्या पेटीत ग्लास घालून बर्फ कधीही उपसायचा नाही. कितीही घाई असो, स्कूपच वापरायचा. ग्लासाची कड तुटली तर बर्फात काच शोधता येत नाही, दोन्ही सारखेच दिसतात. मग ऐन गर्दीत सगळा बर्फ गरम पाणी ओतून वितळवायचा, तळाशी राहिलेल्या काचा वेचायच्या, पेटी पुसायची आणि नवा बर्फ मागवायचा. माझ्याकडून हे एकदा झालंय, ३१ डिसेंबरला. त्या रात्री सोबतच्या पोरांनी मला जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही.

आता सगळ्यांच्या मनातला समज. बारमध्ये काम म्हणजे रोज फुकट प्यायला मिळणार. उलट आहे. चांगल्या जागी ड्यूटीवर पिणाऱ्याला दुसरी संधी देत नाहीत. पेय बरोबर झालंय का हे बघायला स्ट्रॉ बुडवायची, वरचं टोक बोटानं दाबायचं, दोन थेंब जिभेवर घ्यायचे, स्ट्रॉ फेकायची. चव एवढ्यात कळते. माझ्याकडे वर्धा जिल्ह्यातला एक पोरगा आला होता. त्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. घरात कुणी थेंब घेतलेला नाही, यानं बार पहिल्यांदा पाहिला तो माझ्याकडेच. बाकीची पोरं हसायची. पण "आमच्याकडं असंच करतात" ही सवय त्याला नव्हती, म्हणून सांगितलेलं जसंच्या तसं हातात उतरायचं. तो आजही पीत नाही, आणि त्याच्याइतकी नेमकी जीभ मी क्वचित पाहिलीय. ज्याला प्यायची फार आवड आहे, त्यानं मात्र या धंद्यात येण्याआधी दहादा विचार करावा. मिठाईच्या दुकानातल्या पोराला आठवड्यानंतर पेढा नकोसा होतो म्हणतात. दारूचं तसं होत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची, ती तर सिनेमात कधीच दाखवत नाहीत. ७५० मिलीचा खंबा म्हणजे ३० मिलीचे पंचवीस स्मॉल किंवा ६० मिलीचे साडेबारा लार्ज. हात सैल असणारा बारटेंडर प्रत्येक लार्जला पाच मिली जास्त ओततो. गिऱ्हाईक खूश, टिपही मिळते. पण बारा पेगांत साठ मिली गेले, म्हणजे बाटलीमागे एक अख्खा लार्ज. रात्री बार बंद झाल्यावर एकेक बाटली उचलून उरलेला माल मोजतात, बिलांशी ताळा करतात. तफावत आली की रजिस्टरमध्ये तुमच्या पाळीसमोर ती दिसते. दारूचा साठा हा नुसता मालकाचा मामला नसतो, राज्य उत्पादन शुल्क खात्याला त्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि तपासणीला आलेला माणूस "गर्दी होती" हे कारण ऐकून घेत नाही. म्हणून पेग मेजर वापरायला लाजू नका. डोळ्यांच्या अंदाजानं ओतणं ऐटीचं दिसतं, पण वीस वर्षांनंतर मी आजही मापानंच ओततो.

कागदाचं निघालंच आहे तर कायद्याचंही उरकतो. महाराष्ट्रात मद्यविक्रीच्या जागी तुम्ही काम करणार असाल तर तुमच्या नावाचा नोकरनामा, म्हणजे तिथं काम करायची सरकारी परवानगी, व्हावा लागतो. रुजू होताना तो मागा, वयाचा दाखला जवळ ठेवा. "नंतर बघू" म्हणणाऱ्या मालकाकडे धाड पडली तर काउंटरमागे सापडणारा माणूस तुम्ही असता. वाइन आणि सौम्य बिअरसाठी गिऱ्हाइकाचं वय २१ लागतं, व्हिस्की-रम-व्होडकासाठी २५, हे तोंडपाठ हवं. पंचविशीच्या आतला पोरगा व्हिस्की मागतो आणि वर "मी रोज येतो इथं" म्हणून डोळे वटारतो, तेव्हा ओळखपत्र मागायला जीभ अडखळता कामा नये.

इथून मी या कामाच्या सगळ्यात अवघड भागाकडे येतो. आपल्याकडे गिऱ्हाईक ‘रिपीट’ म्हणतं. एक बोट वर करून, ग्लासाकडे खूण करून, नुसतं ‘रिपीट’. दोनदा-तीनदा हा शब्द कानाला गोड लागतो. पाचव्या वेळी तुम्हाला ठरवावं लागतं की आता द्यायचं का नाही. गिऱ्हाईक म्हणजे देव, त्याला नाही म्हणायचं नाही, हा हॉटेलातला जुना संस्कार काउंटरमागे अर्धाच लागू पडतो.

नाही म्हणायची एक रीत आहे. ती एका वाक्यात नसते, तासाभरात पसरलेली असते. तिसऱ्या पेगाच्या सुमारास न मागता पाण्याचा ग्लास ठेवायचा. मग चखण्याऐवजी पोटभरीचं काहीतरी सुचवायचं. शेंगदाणे आणि चणाडाळीनं पोट भरत नाही, मीठ खाऊन तहान मात्र वाढते. मग ऑर्डर थोडी रेंगाळू द्यायची, दुसऱ्या टेबलाकडे वळायचं. तरीही थांबेना, तर टेबलावर सगळ्यांदेखत बोलायचं नाही. "साहेब, तुम्हाला चढलीय" हे वाक्य आयुष्यात उच्चारू नका. ते ऐकून आजवर एकही माणूस शुद्धीवर आलेला नाही. त्याच्यासोबतचा जो सर्वांत शुद्धीत आहे त्याला बाजूला घ्यायचं, घरी कसं जाणार ते विचारायचं, गाडी बोलवायची. आणि एकदा नाही म्हटलं की मॅनेजरला कळवायचं, नाहीतर तोच माणूस दुसऱ्या वेटरला गाठून ‘रिपीट’ मिळवतो.

यासाठी थोडं गणित यावं लागतं. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजतो. ६५० मिलीच्या ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये शुद्ध मद्यार्क येतो ५२ मिली. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के असतो, म्हणजे ३० मिलीच्या पेगात जेमतेम १३ मिली. एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार स्मॉल पेग झाले की! दोन बाटल्या रिचवून "मी कुठं प्यायलोय" म्हणत चावी फिरवणाऱ्याला हे समजावून सांगणं तुमच्या कामात येतं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती ओलांडायला फार लागत नाही. कडक कॉफी, लिंबूपाणी, तोंडावर गार पाणी यांनी माणूस जागा होतो, उतरत काही नाही. उतरते ती वेळानं, आणि यकृत आपल्या गतीनंच काम करतं.

बारटेंडर म्हणजे बोलघेवडा, हजरजबाबी माणूस हवा, हाही एक समज. लाजाळू पोरं त्यामुळे मागे राहतात. माझ्या अनुभवात लाजाळू पोरं बरी पडतात, कारण ती बघतात. कोण एकटा आलाय आणि त्याला एकटंच राहायचंय, कोणाला बोलायचंय, कोणाचा फोन सारखा वाजतोय. स्टुलावर बसलेला माणूस कर्जाचं बोलतो, सोडून गेलेल्या बायकोचं बोलतो. त्यावर सल्ला द्यायचा नाही. त्याची दुसऱ्या दिवशी आठवणही करून द्यायची नाही.

पैशाबद्दल. टिपांवर गाडी घेतलेल्या बारटेंडरच्या गोष्टी फिरतात, असा एखादा असतोही. बहुतेक जागी टिप एका डब्यात जमते आणि स्टुअर्ड, स्वयंपाकघर, भांडी घासणारे यांच्यात वाटली जाते. ते बरोबरच आहे. तुमचे ग्लास कुणीतरी घासलेलेच असतात. बिलावर परस्पर सेवाशुल्क लावायला २०२२ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनी हरकत घेतलीय, त्यामुळे त्यावरही हिशेब बांधू नका. नोकरी घेताना चार प्रश्न विचारा: हातात पगार किती, टिपेची वाटणी कशी, फुटलेल्या ग्लासाचे किंवा तफावतीचे पैसे पगारातून कापतात का, आणि ब्रेक शिफ्ट आहे का. दुपारी चार तास, मग तीन तास रिकामे, मग रात्री सहा तास, अशी ब्रेक शिफ्ट असेल आणि खोली लांब असेल तर ते मधले तीन तास कुठल्यातरी पायरीवर बसून जातात.

अंगमेहनतीचंही सांगायला हवं. दहा तास उभं राहायचं असतं. बुटांवर पैसे खर्च करा, शर्टावर नाही. पायाखाली रबरी मॅट नसेल तर मागा. लिंबाचा रस लागलेले हात न धुता उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये नवीन पोरांना हे दर मोसमात होतं आणि ती ऊन बाधलं म्हणून सोडून देतात.

गोव्याचा विषय आलाच आहे तर एक. तिथं कामाला जाणाऱ्या आपल्याकडच्या पोराला वीस विदेशी कॉकटेलं येतात आणि हुर्राक म्हणजे काय ते सांगता येत नाही. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची पहिली वाफ धरली की हुर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. हुर्राक उन्हाळ्यापुरती, लिंबू-मीठ आणि हिरवी मिरची उभी चिरून घातली की दुपार सरते. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाहुणा मुद्दाम तिथं येऊन तुम्हाला हेच विचारणार आहे. तसंच नाशिकच्या वाइनचं. आपल्या घरचं आधी शिका, न्यूयॉर्कचं मग.

"बारमध्ये कामाला आहे" हे पाहुण्यांत कसं सांगायचं, हा आईवडलांचा प्रश्न. त्यात बार म्हणजे डान्स बार हे २००५ च्या बंदीच्या आधीपासून डोक्यात बसलेलं समीकरण आहे. माझ्या आईनं कित्येक वर्षं "हॉटेलात मॅनेजर आहे" असंच सांगितलं. मी तिला एकदा दुपारी बार बंद असताना नेलं. तिनं ओळीनं लावलेल्या बाटल्या पाहिल्या नाहीत, कट्ट्यावरून बोट फिरवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही. परतताना म्हणाली, "आपल्या ओट्यापेक्षा स्वच्छ आहे रे." लग्न जमायला तरी वेळ लागलाच, ते खोटं सांगत नाही.

मुलींबद्दल हा प्रश्न दुप्पट जोरानं येतो. दिल्लीत तेव्हा लागू असलेल्या १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यात एक कलमच होतं, की जिथं दारू प्यायली जाते तिथं बायकांना आणि पंचविशीच्या आतल्या पुरुषांना कामाला ठेवायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं अनुज गर्ग खटल्यात २००७ साली ते कलम रद्द केलं. सुरक्षिततेचं कारण पुढे करून बाईचं कामच काढून घेणं चालणार नाही, असा त्या निकालाचा सूर होता. मुंबईत शतभी बसू त्याच्याही कितीतरी आधीपासून काउंटरमागे उभ्या होत्या, पुढे त्यांनी बारटेंडिंग शिकवणारी संस्था काढली. तेव्हा "बायकांना जमतं का" हा प्रश्न संपलेला आहे. विचारायचं ते जागेबद्दल: रात्री घरी सोडायला गाडी आहे का, कपडे बदलायला स्वतंत्र खोली आहे का, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का. आणि एखादं गिऱ्हाईक वाकडं बोललं तर मॅनेजर कोणाची बाजू घेतो, हे तिथं आधी काम करून गेलेल्या मुलीला फोन करून विचारा.

कोर्स करावा का? हॉटेल मॅनेजमेंटची पदवी असेल तर पंचतारांकित हॉटेलाचं दार लवकर उघडतं, पुढे व्यवस्थापनात जाता येतं. ती नसेल तर बारबॅक म्हणून लागा. बारबॅक म्हणजे बर्फ आणणारा, क्रेट उचलणारा, ग्लास भरून ठेवणारा. वर्षभर हे केलं की बारटेंडर काय करतो ते पाहून पाहून अर्धं येतं. महिना-दोन महिन्यांचे खासगी कोर्स आहेत, माझाही त्यातलाच. "शंभर टक्के प्लेसमेंट" असं फलकावर लिहिलेलं दिसलं तर आधी मागच्या तुकडीतल्या दोघांशी बोलायला मागा. माझ्याकडे आलात तरी मागा.

जहाजाचं स्वप्न दाखवून फसवणारे मात्र फार आहेत, म्हणून तेवढं नीट वाचा. क्रूझवर बारटेंडर हा कायद्यानं खलाशीच धरला जातो. त्याला प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षण लागतं, वैद्यकीय तपासणी लागते. भरती करणाऱ्या एजंटाकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा आर.पी.एस.एल. परवाना असायला हवा, आणि तो तुम्हाला तपासता येतो. पासपोर्ट, खलाशाची नोंदवही, वैद्यकीय दाखला यांचा खर्च तुमचा. पण नोकरी लावून देण्याबद्दल तुमच्याकडून पैसे घेणं २००६ च्या सागरी कामगार करारानुसार चालत नाही. दोन-तीन लाख मागणारा माणूस कितीही मोठ्या ऑफिसात बसलेला असला तरी उठून या. जहाजावरचा करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा, त्यात आठवड्याची सुट्टी अशी नसतेच. पैसा साठतो, कारण खर्च करायला वेळ मिळत नाही.

जागा पक्की करण्याआधी तिथं एखाद्या मंगळवारी, गर्दी नसताना, गिऱ्हाईक म्हणून सोडा मागवून बसा. रिकाम्या वेळात तिथला बारटेंडर काय करतो ते बघा. तो कट्टा पुसत असेल, बाटल्यांची तोंडं साफ करत असेल, नव्या पोराला काही दाखवत असेल, तर ती जागा शिकण्यासारखी आहे. फोनमध्ये डोकं घालून उभा असेल तर सोड्याचे पैसे देऊन निघा.

आणि ट्रायलला बोलावलं तर काळे, न घसरणारे बूट घाला, स्वतःचा बॉटल-ओपनर आणि पेन खिशात ठेवा, अत्तर मारू नका, वाइनचा वास त्यात हरवतो. नखं कापून जा. गिऱ्हाईक तुमचा चेहरा नंतर बघतं, आधी लिंबाची फाक धरलेला हात बघतं.